पाच पाहुणे, एक वही आणि कृष्णाकाठचे तेरा दिवस

रविवार, १९ जानेवारी

कंपनीच्या खर्चाने माहेरपण मिळतंय, असं मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "खर्च करतायत म्हणजे राबवून घेतील." तिचं खरं ठरलं.

आमच्या कंपनीने यंदा परदेशातल्या पाच सहकाऱ्यांना सांगली जिल्ह्यातल्या एका लहानशा संस्थेत पाठवायचं ठरवलं. संस्था मुलांच्या कल्पकतेसाठी काम करते. माणसांनी आपलं कसब घेऊन परदेशी जायचं आणि तिथल्या संस्थेला फुकट मदत करायची, ही पद्धत नवी नाही. आयबीएमने २००८ साली त्यासाठी वेगळा उपक्रमच काढला होता, त्यात महिनाभराचा मुक्काम असे. पुढे बऱ्याच मोठ्या कंपन्या त्या वाटेने गेल्या. आमची तुकडी पाच जणांची आणि मुक्काम त्याच्या निम्मा. मी सांगलीची, म्हणून दुभाषी मी, वाटाडी मी आणि "हे तिखट आहे का" या प्रश्नाला उत्तर देणारीही मीच.

सकाळी सातला पुणे सोडलं. साताऱ्यात कंदी पेढे घेतले. कराडच्या पुढे उसाच्या जोडट्रॉल्या लागल्या आणि मागच्या सीटवरची फिलिपिन्सची बाई खिडकी उघडून म्हणाली, "हा मळीचा वास आहे. आमच्याकडेही असाच येतो." पेठ नाक्याहून आत वळेपर्यंत ती आणि ब्राझीलची बाई उसावरच बोलत होत्या. जर्मन गृहस्थ झोपले होते. उंची इतकी, की गुडघे पुढच्या सीटला टेकलेले. पोलंडची मुलगी चित्रं काढत होती आणि जपानी मुलगा पेढ्याच्या पुडक्यावरचं मराठी एकेक अक्षर लावून वाचायचा प्रयत्न करत होता.

विश्रामबागेतल्या लॉजवर मात्र घोळ झाला. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. मालकांनी मागचा फॉर्म कधी भरला होता ते त्यांनाच आठवत नव्हतं, पासवर्ड तर दूरच. रात्री अकरापर्यंत मी काउंटरवर बसून पाच पासपोर्टांचे आकडे सांगत होते. "पुढं कुठं जाणार, हे विचारतंय," मालक म्हणाले. मी म्हटलं, "काका, ते परत पुण्यालाच जाणार आहेत." त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की एवढ्या लांबून आलेली माणसं सांगलीहून थेट पुण्यालाच जाणार हे त्यांना काही खरं वाटत नव्हतं.

सोमवार, २० जानेवारी

संस्थेचं गाव भिलवडीच्या बाजूला, नदीच्या अगदी काठावर आहे. संस्था म्हणजे पत्र्याचं छत असलेली लांबलचक खोली, पुढे ओटा आणि ओट्यावर चपलांचा ढीग. चालवतात त्या निवृत्त झेडपी शिक्षिका. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं, म्हणून आम्हीही बाईच म्हणायला लागलो.

आत शिरल्या शिरल्या भिंतीवर निळ्या रंगाची एक आडवी रेघ दिसते. माझ्या डोक्याच्या हातभर वर. बाजूला खडूने लिहिलंय, "२०१९". त्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या गावभागातल्या घरात तेव्हा पहिला मजला सोडून काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्या रेघेकडे बघून मला काय वाटलं ते पाहुण्यांना समजावून सांगायच्या भानगडीत मी पडले नाही. पूर ओसरल्यावर शाळा भरायला वेळ होता, पोरं नुसती चिखलात हिंडत होती, तेव्हा बाईंनी त्यांना गोळा करून पुरातून वाहून आलेल्या सामानाची खेळणी करायला बसवलं. तिथून हे सुरू झालं. आता रोज संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळेत एक्केचाळीस मुलं येतात, दुसरीपासून दहावीपर्यंतची.

पाहुण्यांनी पहिला कार्यक्रम ठरवून आणला होता. रंगीत चिकटचिठ्ठ्या, स्केचपेनं, भिंतीवर लावायचा मोठा कागद. ब्राझीलच्या बाईने सुरुवात केली आणि मला भाषांतर करायला सांगितलं. मी म्हटलं, "आज आपण सर्जनशीलतेबद्दल बोलणार आहोत."

एक्केचाळीस चेहरे कोरे.

"कल्पकता," मी म्हटलं. तरी तेच. शेवटी मागून बाई म्हणाल्या, "अरे, डोकॅलिटी!" आणि खोलीत एकदम गलका झाला. चिठ्ठ्यांवर "तुम्हाला काय बनवायला आवडेल" हे लिहायचं होतं. अर्ध्या तासाने बघितलं तर निम्म्या चिठ्ठ्यांची विमानं झाली होती आणि एका पोराने त्यांच्या कडा एकमेकींत अडकवून बिनडिंकाचा चेंडू केला होता. पोलंडच्या मुलीने तो चेंडू हातात घेतला, उलगडला, परत जोडायला गेली आणि तिला जमला नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

सकाळी बाईंबरोबर बैठक. पाहुण्यांचा मोठा बेत होता एका ॲपचा. मुलांनी केलेल्या वस्तूंचे फोटो, माहिती, शोध, सगळं त्यात. त्यासाठी कंपनीने बारा टॅब पाठवले होते, खोकी अजून फोडलेली नव्हती. जर्मन गृहस्थांनी तक्ता काढून दाखवला. मी भाषांतर केलं. बाईंनी चहा संपेपर्यंत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं:

"हे तुम्ही गेल्यावर बंद पडलं तर मी कुणाला फोन करू?"

मी ते शब्दशः सांगितलं. जर्मन गृहस्थांनी तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले आणि त्यांनी तक्ता घडी घालून खिशात ठेवला. तीस वर्षं डेटाबेस सांभाळणारा माणूस. आपल्यामागे ते सांभाळणारं कुणी नसलं की काय होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

त्याच दिवशी दुपारी दोन ते साडेपाच वीज नव्हती. टॅब खोक्यातच राहिले.

संध्याकाळी ब्राझीलच्या बाईने मुलांना आपल्या मुलखाबद्दल सांगितलं. साओ पावलो राज्यात नजर पोचेल तिथवर ऊस, आणि तो जवळजवळ सगळा यंत्राने तोडतात. मुलं खूश. पण पुढे बसलेला एक मुलगा उठला. बीडकडचा, आईबाप ऊसतोडीला आलेले. "एक कोयता" म्हणजे नवराबायकोची जोडी, त्या हिशेबाने टोळी ठरते. आणि पोरं त्यांच्या मागे, फडाशेजारच्या खोपीत. तो दिवाळीनंतर आला होता, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, इथेच असणार.

"मग तिथं तोडणारी माणसं आता काय करत्यात?" त्याने विचारलं.

मी भाषांतर केलं. ब्राझीलच्या बाईने तोंड उघडलं आणि मिटलं. "काही जण शहरात गेले," ती म्हणाली, "काही यंत्र चालवायला शिकले. बाकीच्यांचं मला माहीत नाही." मुलगा मान हलवून खाली बसला. परतीच्या वाटेवर ट्रॅव्हलरमध्ये ती कुणाशी बोलली नाही.

बुधवार-गुरुवार, २२ आणि २३ जानेवारी

दोन दिवस कागदपत्रं. जपानी मुलगा हिशेबखात्यातला. बाईंनी त्याच्यासमोर बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे ठेवले. आत सहा वर्षांच्या पावत्या, किराण्याच्या, पत्र्याच्या, मुलांना मिरजेला नेलं त्या वडापच्या, म्हणजे भाड्याच्या जीपच्या, चिठ्ठ्या. त्याने बाह्या वर केल्या आणि ओट्यावर चवड्या लावायला सुरुवात केली. वारा आला की त्यांच्यावर चिंचेच्या शेंगा ठेवायचा.

यात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण लहान संस्था चालवणाऱ्या पुष्कळांची गाडी इथेच अडते. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. पण तो पैसा घ्यायचा तर संस्थेकडे आयकराची १२अ आणि ८०जी नोंदणी हवी, आणि २०२१ पासून सीएसआर-१ नावाचा फॉर्म भरून मिळालेला नंबरही हवा. बाईंकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या, तिसरी नव्हती. मागे एका कंपनीने नंबर विचारला, बाईंना वाटलं फोननंबर, तो त्यांनी दिला. पुढे कंपनीचा फोन आला नाही.

तो फॉर्म प्रमाणित करायला सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापाल लागतो, जपानी मुलाच्या सहीचा काही उपयोग नाही. पण लेखापाल ज्या कागदांची वाट बघत बसतात ते सगळे त्याने वर्षवार लावून दिले. गंमत म्हणजे आमच्या कर्मचाऱ्यांनी इथे दिलेल्या वेळाची किंमत काढून कंपनीला ती त्या २ टक्क्यांत धरता येत नाही, नियमाने. मला तरी हे बरं वाटलं. नाहीतर चिकटचिठ्ठ्यांचाही हिशेब लागला असता.

गुरुवारी संध्याकाळी फिलिपिन्सच्या बाईच्या एक गोष्ट लक्षात आली. ती कंपनीत माणसांना प्रशिक्षण देते, त्यामुळे कोण कुणाला शिकवतंय हेच ती बघत असावी. नववीतली एक पोरगी ठिबकच्या नळीचा कारंजा कसा करायचा ते धाकट्यांना सांगत होती, आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे ती दर महिन्याला कुणाला ना कुणाला हेच सांगत असते. "ती दहावी झाली की?" फिलिपिन्सच्या बाईने विचारलं. बाई म्हणाल्या, "तिच्यासंगं कारंजा पण जाईल. मागच्या साली एकजण आयटीआयला गेला, तेव्हापासून आमची पवनचक्की बंद आहे."

वही त्या वाक्यातून निघाली. साधी, जाड पुठ्ठ्याची. एक वस्तू, एक पान. पोलंडच्या मुलीने पानाचा नमुना काढला: वर चित्र, खाली सामान, मग पायऱ्या. मुलांना दाखवला तर ऊसतोडवाल्यांचा तो मुलगा म्हणाला, "कुठं फसतं ते बी लिवा की." तर खाली चौथा चौकोन आला, "कुठं फसतं". पुढच्या आठवडाभरात त्या वहीत सगळ्यात जास्त मजकूर ह्याच चौकोनात पडला.

शुक्रवार, २४ जानेवारी

बाईंना तालुक्याला जायचं होतं, आम्हाला सुट्टी. औंधला गेलो. सांगलीहून साताऱ्याच्या खटाव तालुक्यात जायचं म्हणजे दोन तास सहज जातात, वाटेत उसाच्या रसासाठी थांबलं तर अडीच. आम्ही दोनदा थांबलो.

मला त्यांना राजवाडा नाही, संग्रहालय दाखवायचं होतं. यमाईच्या डोंगराच्या उतारावर औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं. रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत, आणि हेन्री मूरचं एक शिल्पही. राजा स्वतः चित्रकार, रामायणाची चित्रं काढलेला. सूर्यनमस्कारांचा एवढा पुरस्कर्ता, की आमच्या आजोबांच्या तोंडी "औंधकर" म्हणजे सूर्यनमस्कारच. किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली ती याच संस्थानच्या माळावर.

पण मी खास पोलंडच्या मुलीसाठी तिथे गेले होते. वळिवड्याचं तिला ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. तिच्याकडे पाठ्यपुस्तकात नाही, पण घराघरात ते सांगतात म्हणे. मॉरिस फ्रीडमन हे नाव मात्र तिने ऐकलेलं नव्हतं.

पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू इंजिनिअर. बंगळूरच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता, ते सोडून भगवी वस्त्रं घातली, नाव घेतलं भारतानंद, आणि राजपुत्र आप्पासाहेब पंतांच्या ओळखीने औंधला येऊन राहिला. १९३८ मध्ये औंधच्या राजाने आपला अधिकार लोकांच्या हाती द्यायची घोषणा केली, १९३९ मध्ये राज्यघटना झाली. तिच्या मसुद्यात गांधीजींचं मार्गदर्शन होतं आणि ह्या माणसाचे कष्ट. ग्रामपंचायतींच्या हाती कारभार, तोही ब्रिटिश अमलात. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगामागेही तो होता. 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट ज्या प्रयोगावरून सुचला तो हाच. आणि त्याने बांबूच्या धनुष्यावर चालणारी एक तकली तयार केली होती, धनुष तकली, गरिबाला चरख्यापेक्षा स्वस्त पडावी म्हणून.

हे सगळं मी डोंगराच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं. शाळेत इतिहासाच्या सरांनी सांगितलेलं मला अजून पाठ आहे, यात माझा काही मोठेपणा नाही, सर तसे होते. पोलंडच्या मुलीने विचारलं, "तो इथे किती दिवस राहिला?"

"दिवस नाही गं," मी म्हटलं. "वर्षं. मुंबईतच वारला."

ती काही बोलली नाही. वहीत तकलीचं चित्र कसं असेल ते अंदाजाने काढत राहिली.

शनिवार, २५ जानेवारी

शाळा सकाळची. दुपारी अठरा मुलं आणि आम्ही सहा, दोन वडाप करून मिरजेला. सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत.

मुलांपैकी बहुतेकांना मिरज म्हणजे दवाखाना एवढंच ठाऊक. इथले कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी मोडक्या तंबोऱ्यांची दुरुस्ती करता करता नवीन करायला सुरुवात केली, आणि गल्लीच त्या धंद्याची झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर इथल्याच मीरासाहेब दर्ग्यात आहे, आणि दर उरुसाला तिथे गवई हजेरी लावतात.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वाशांना भोपळे टांगलेले, पंढरपूरच्या बाजूचे, एकेक पोराच्या पोटाएवढा. कारागीर चाचा तंबोऱ्याची जवारी लावत होते. मुलांना वाटलं काहीतरी घासतायत. चाचांनी एक तार छेडली. टण्ण, आणि संपलं. मग त्यांनी घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली, पांढऱ्या सुताचा एक धागा सरकवला. अगदी केसाएवढा मागे, मग केसाएवढा पुढे. तिसऱ्यांदा छेडल्यावर आवाज उघडला. एका तारेतून मधमाशा उठाव्यात तसा, आणि तो थांबेचना.

"परत," ऊसतोडवाल्यांचा मुलगा म्हणाला.

चाचांनी परत छेडली.

"आता दोरा काढा."

चाचांनी त्याच्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं आणि धागा काढला. टण्ण. मुलाने घोडीवर नाक टेकेल इतकं वाकून बघितलं. "तार टेकती व्हय खाली? दोऱ्यानं जराशी उचलली, म्हणून ती घासत घासत वाजती."

"चाळीस वर्षं मी हेच करतो," चाचा मला म्हणाले, "पण दुकानात येऊन पहिल्या दिवशी हे कुणी बोललं नाही." मी ते भाषांतर केलं नाही. ते त्या मुलाचं होतं, पाहुण्यांना वाटण्याचं नव्हतं.

येताना सगळ्यांना भडंग. जर्मन गृहस्थांना त्यातला लसूण इतका आवडला, की त्यांनी शेंगदाणे आमच्यासाठी ठेवून लसूण वेचून खाल्ला.

रविवार, २६ जानेवारी

झेडपी शाळेत ध्वजवंदन. आधी प्रभातफेरी, मग लेझीम, मग सत्कार. सत्कार दीड तास चालला. पाच पाहुण्यांना पाच फेटे, पाच शाली, पाच नारळ, आणि पाचही वेळा तेच भाषण. फेटा जपानी मुलाच्या भुवयांपर्यंत खाली आला होता, तो तसाच ताठ उभा. शाळेच्या फरशीवर अंकांचे, अक्षरांचे रंगीत चौकोन रंगवलेत. साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळांनी ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याचा, जो पायंडा पाडला तो बघून इकडेही आलेले. मुख्याध्यापक त्यावरच उभं राहून बोलत होते, आणि पहिलीतली पोरं त्यांच्या पायाखालचा "९" दिसावा म्हणून माना वाकड्या करत होती.

आणि जिलेबी! २६ जानेवारीला सांगली-कोल्हापूरकडे घरोघरी जिलेबी लागते, चौकाचौकात कढया असतात. हे महाराष्ट्रभर असंच असतं असं मला पुण्याला जाईपर्यंत वाटायचं. आईने पाहुण्यांसाठी दोन किलो पाठवली होती. एका ध्वजवंदनाला एवढी साखर का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सोमवार-मंगळवार, २७ आणि २८ जानेवारी

वहीचं काम जोरात. दुपारी बाईंबरोबर आम्ही पानं डकवायचो, संध्याकाळी मुलं तपासून चुका काढायची. सातवीतल्या एका मुलीचं पान सगळ्यात मोठं झालं, म्हणून ते सांगते.

तिने केलाय पुराचा गजर. पीव्हीसीचा पाइप उभा, खालून पाणी येतं. आत थर्माकोलचा गोळा, गोळ्यावर सायकलची तार. पाणी चढलं की तार वर सरकते आणि पत्र्याच्या दोन पट्ट्या जोडते, की बझर वाजतो. पाइपवर दोन खुणा, पिवळी ४०, लाल ४५. नदीकाठच्या पोरांना हे आकडे सांगावे लागत नाहीत. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. तिचा पाइप सेंटिमीटरचा, आकडे तेच. पिवळ्याला एक बझर, लालला दोन.

जर्मन गृहस्थ, ज्यांना मुलं एव्हाना लंबूसर म्हणायला लागली होती, गुडघे दुमडून तिच्यासमोर बसले. विचारलं, "शेल आधीच संपलेला असेल तर? पूर येईल आणि हे वाजणारच नाही."

मी भाषांतर करायच्या आत तिला कळलं. तिने पाइपच्या मागचं बटण दाखवलं. "हे रोज सांजच्याला दिवा लावताना दाबायचं. वाजलं न्हाई की दुकानात पळायचं." मग थोडं थांबून, "पुरात मी दुसरीत होते. रात्री कुणी उठवलंच न्हाई आम्हाला."

लंबूसरांनी वहीत तिच्या पानावर, "कुठं फसतं"च्या चौकोनात, स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहिलं, "शेल". एक शब्द लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली. तिने मात्रा सुधारून दिली.

ऊसतोडवाल्यांच्या मुलाने एकतारी केली. ठिबकची जाड नळी, रंगाचा रिकामा डबा, क्लचची तार. तारेखाली सुताचा धागा. मिरजेच्या तंबोऱ्यासारखी वाजत नव्हती, पण धागा काढला की फरक कळत होता, आणि त्याला तेवढंच दाखवायचं होतं. पान क्रमांक १४. "कुठं फसतं" मध्ये त्याने सांगितलं आणि मी लिहिलं, "दोरा ओला झाला की."

बुधवार, २९ जानेवारी

तो आला नाही. इथला फड संपला, टोळी रात्रीतून दुसऱ्या गावाला गेली. त्याच्याबरोबर आणखी दोघं. एकतारी त्याने नेली होती. पान राहिलं.

गुरुवार, ३० जानेवारी

मुख्यालयाबरोबर ऑनलाइन बैठक, लॉजच्या जिन्यात, कारण रेंज तिथेच येते. त्यांना एक आकडा हवा होता. किती मुलांच्या आयुष्यावर परिणाम झाला? ब्राझीलच्या बाईने माझ्याकडे बघितलं. मी बाईंना फोन लावला.

"एक्केचाळीस सांगू का?"

"कालपासून अडतीस," बाई म्हणाल्या. "आणि परिणामाचं काय विचारतायत? गजर तर पावसाळ्यात वाजणार."

ब्राझीलच्या बाईने अडतीस सांगितलं. पलीकडून विचारणा झाली, की अर्जात तर एक्केचाळीस होते, मग कमी कसे झाले? तिने एका कोयत्याचा, टोळीचा, पट्टा पडण्याचा सगळा हिशेब त्यांना समजावून सांगितला, माझ्यापेक्षा नीट. पलीकडे बराच वेळ शांतता होती. अहवालात काय छापून येणार ते मला ठाऊक आहे, पण ती बोलली ते मी ऐकलंय.

बाईंनी बारांपैकी दोन टॅब ठेवून घेतले, वहीच्या पानांचे फोटो काढायला. दहा परत. खोकी फोडलेली नव्हती म्हणून बरं झालं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

सकाळी आईकडे जेवण: भाकरी, खरडा, वांग्याची भाजी, आणि ज्यांना खरडा झेपला नाही त्यांच्यासाठी काकवी. फिलिपिन्सच्या बाईने काकवी वाटीने प्यायली. आई म्हणाली, "ही आपल्यातलीच आहे."

संध्याकाळी शेवटचं. वही पूर्ण झाली होती, तेवीस पानं, पुढे कोरी शंभर. पुठ्ठ्यावर मुलांनी मोठ्या अक्षरात लिहिलेलं: डोकॅलिटी. प्रश्न एवढाच होता, की ठेवायची कुठे. कपाटात म्हणावं तर कपाट जमिनीवर. बाईंनी भिंतीकडे बघितलं.

"रेघेच्या वर," त्या म्हणाल्या.

लंबूसरांनी खिळा घेतला आणि हात वर करून, टाचा न उचलता, निळ्या रेघेच्या चांगला वीतभर वर ठोकला. वहीला सुतळी बांधली, अडकवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर गजरवाली मुलगी म्हणाली, "आता आमचा हात कसा पोचायचा?"

कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लंबूसर खिळा खाली घ्यायला निघाले, तिने हाताने थांबवलं. बाईंच्या शिवणाच्या डब्यातून दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ आणलं, त्यातून तार ओवून ती खिळ्याला बांधायला लंबूसरांकडे दिली. रिळावरून सुतळी टाकली, एक टोक वहीला, दुसरं खाली तिच्या हाताशी, खिडकीच्या गजाला गुंडाळलेलं. सोडली की वही खाली येते, ओढली की वर जाते.

पहिल्यांदा ओढली तेव्हा रीळ अडकलं. कुणीतरी ओरडलं, "कुठं फसतं ते लिवा!" तिने वही खाली घेतली, तेल आणायला एकाला पिटाळलं आणि चोविसावं पान उघडलं.